डावं बटण

प्रेसला दोन बटणं असतात.
दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय खाली येतो,
म्हणजे दोन्ही हात बाहेर.
ज्यानं हे काढलं तो माणसांना ओळखून असणार.
आम्हाला नव्हता ओळखत.

उद्यमबागेत, खानापूर रोडपासून आत, आमच्या शेडमध्ये चार प्रेस.
डाव्या बटणात पाचर बसते.
आइस्क्रीमची काडीही चालते, पण दुपारपर्यंत मोडते.
म्हणून मी बाभळीची तासतो,
जेवणाच्या सुट्टीत, डबा धुऊन झाल्यावर.
पाचर बसली की डावा हात मोकळा,
उजव्यानं दाबा, डाव्यानं माल सरकवा,
तासाला चारशेचे साडेपाचशे वॉशर.
पाकिटात फरक पडतो
पोरीच्या क्लासच्या फीएवढा.

हडगिनाळ साहेब राउंडला यायचे ते
लांबूनच चाव्या वाजवत.
ते पोचेपर्यंत चारही पाचरी खिशात.
आम्हाला वाटायचं, सवय असेल एकेकाला.

मल्लेशी म्हणायचा, होगली बिडू.
आम्ही म्हणायचो, असू दे की.
गावाच्या पाटीवरून भांडणारे आम्ही,
इथं मात्र एका मताचे.

खंडेनवमीला प्रेसला झेंडूचा हार घातला,
लिंबू कापलं, हळदकुंकू वाहिलं.
कुणीतरी पाचरीलाही बोट टेकवलं.

लुमाण्णा कडोलीचा. मिसरूड नुकतं फुटलेलं.
पहिला आठवडा त्यानं दोन्ही हातांनी बटणं दाबली,
शिकवलं होतं तसं.
मीच म्हटलं, बघा रे,
मशीनला नमस्कार घालायलाय पोरगं.
सगळे हसले. तोही हसला.
कान लाल झाले होते त्याचे.
शनिवारी मी त्याला माझी पाचर दिली,
वापरून वापरून गुळगुळीत झालेली,
शेडमधली सगळ्यात चांगली.

गुरुवारी वॉशर डायमध्ये अडकला.
डावा हात आत गेला काढायला
आणि उजवा आपलं काम करत राहिला.
साडेपाचशेच्या चालीत
एका हाताला कळत नाही दुसरा कुठं आहे.

आवाज रोजचाच होता.
म्हणून पहिल्यांदा कुणी वळलंच नाही.

दोन बोटं.
मल्लेशी बर्फाला धावला,
साहेब गाडी काढायला.
मी सगळ्यात आधी पाचर काढली
आणि खिशात टाकली.
कुणी सांगितलं नव्हतं.
हात आपोआप गेला. डावाच.

संध्याकाळी फॉर्म आला. कानडीत.
कारणाच्या चौकोनात साहेबांनी सांगितलं ते मी लिहिलं:
अजागरूकते.
सहा अक्षरं.
चौकोन तेवढाच होता,
त्यात चाव्या बसल्या नसत्या,
रेट बसला नसता,
आमचं हसणं तर नाहीच.
खाली साक्षीदार म्हणून सही केली,
मराठीत.

दीड महिन्यानं लुमाण्णा आला,
पगाराचं काय ते विचारायला.
हात पंचाच्या आत.
चहा घेतला, बशीत ओतून, उजव्या हातानं.
निघताना हळूच म्हणाला,
मामा, ती पाचर सापडली काय?
डायमध्ये पडली असंल तर बघा,
कुणाला तरी लागंल.

नाही म्हटलं. नाही सापडली.
ती घरी आहे, देवळीत, रेशन कार्डाखाली.
बायको दोनदा म्हणाली, चुलीत घालू काय,
मी दोनदा ओरडलो.

त्यानंतर मी एकही तासली नाही.
तेवढं पुरे, असं मी म्हणत नाही.
सोमवारी त्याच प्रेसवर नवीन पोरगा उभा होता,
मच्छेचा, नाव अजून पाठ नाही झालं.
डाव्या बटणात आइस्क्रीमची काडी.
लांबून चाव्या वाजल्या.
त्यानं काडी काढली, चाव्या पुढं गेल्या,
त्यानं काडी घातली.

ती मोडेल दुपारपर्यंत.
मग कुणीतरी त्याला सांगेल,
त्या कोपऱ्यातल्या मामाला विचार.